भातामागून मसूर

आमच्याकडे हल्ली लग्नाच्या पंगतीत वाढपी भाताचं भांडं घेऊन आला की निम्म्या ताटांवर हात आडवे होतात. कुणी 'शुगर आहे' म्हणतं, कुणी 'वजन वाढलंय' म्हणतं. काहींना अजून काहीच झालेलं नसतं, पण पुढं होऊ नये म्हणून त्यांनाही भात नको असतो. खानापूर-बेळगाव पट्ट्यात हे पाहताना मला मनापासून वाईट वाटतं. ज्या मुलखात भाताची चार शितं पोटात गेल्याशिवाय जेवण झालं असं कुणी म्हणत नसे, तिथं भात म्हणजे आजार असं समीकरण होऊन बसलं आहे. मोबाइलवर कुणीतरी सांगतं, कार्ब्स बंद करा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या ताटातला भात दुसऱ्या दिवसापासून बंद होतो. त्याच्या जागी काय वाढायचं हे मात्र कुणीच सांगत नाही.

मला भाताची बाजू मांडायची आहे. भाकरीची, रताळ्याची, नाचण्याच्या आंबिलीचीही. पण ती मांडताना आमच्या ताटात गेल्या दोन-तीन पिढ्यांत काय बिघडलं तेही स्पष्ट बोलायला हवं, कारण दवाखान्यांबाहेरच्या रांगा खोट्या नाहीत.

कर्बोदकं म्हणजे काही एकच वस्तू नव्हे. चहातली साखर, तांदळातला स्टार्च, पालेभाजीचा चोथा ही सगळी एकाच कुळातली मंडळी. साखर रक्तात लगेच उतरते. स्टार्च आतड्यात फुटून त्याचं ग्लुकोज व्हायला वेळ लागतो. चोथा आपल्याला पचतच नाही, पण मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यावर जगतात आणि तो बाकीच्या अन्नाची घाई रोखून धरतो. ग्लुकोजवर सगळ्यात जास्त हक्क मेंदूचा. मोठ्या माणसाच्या मेंदूला दिवसाला साधारण १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं, झोपेतसुद्धा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं, म्हणजे आयसीएमआरनं, २०२० साली प्रौढांसाठी दिवसाला १३० ग्रॅम कर्बोदकांची शिफारस केली ती याच हिशेबानं. खाल्लेल्यातलं थोडं यकृत साठवून ठेवतं, शंभरेक ग्रॅम. त्याच्या चौपट स्नायू साठवतात. त्यापलीकडे आलेलं आणि खर्च न झालेलं चरबीच्या वाटेनं जातं. भाताचा गुन्हा काय असेल तो या शेवटच्या वाक्यात आहे, आणि त्यात भाताइतकेच आपणही आहोत.

आमचा जिल्हा नकाशावर पाहिला तर पश्चिमेला कणकुंबी आहे, मलप्रभेचा उगम. तिथं पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्याही पुढं पाऊस कोसळतो. तिथून पूर्वेला निघालं की तो झपाट्यानं कमी होत जातो, आणि अथणीकडं पोहोचेपर्यंत सहाशे मिलिमीटर झाला तरी लोक समाधानी असतात. ताटं या पावसानंच ठरवली. खानापुरात भात आणि डोंगरउतारावर नाचणा, पूर्वेला शाळू. मधल्या तांबड्या मातीत रताळी आणि बटाटे. निपाणी-चिकोडीच्या बाजूला भाकरी असते पण सणाला भात हवाच, आणि अथणीकडच्या घरात कडक रोट्टी महिनाभर टिकेल अशी करून फडक्यात बांधून ठेवतात. माझं माहेर खानापूर तालुक्यातलं, सासर बेळगावातल्या वडगावचं, आणि नणंद दिली ती रायबागकडं. त्यामुळं ही सगळी ताटं मी जवळून पाहिली आहेत. प्रत्येक ताटात धान्य मुख्य होतं, पण एकाही ताटात ते एकटं नव्हतं. माहेरी नाचण्याच्या आंबिलीत ताक असायचं. नणंदेच्या घरी भाकरीबरोबर मटकी, कारळाची चटणी, कच्चा कांदा आणि मेथीची पानं. पानं नुसती, धुऊन, मुठीनं घ्यायची.

आणि वडगावात मसूर.

याबद्दल मला जरा सावकाश सांगायचं आहे. बेळगाव शहराच्या दक्षिणेला शहापूर, वडगाव, अनगोळ, माजगाव, येळ्ळूर असा कसदार काळ्या जमिनीचा पट्टा आहे, बळ्ळारी नाल्याच्या दोन्ही अंगांना पसरलेला. खरिपात तिथं भात. बेळगावचा वासाचा तांदूळ, ज्याला आम्ही बासमतीच म्हणतो, तो याच शिवारातला. शिजायला लागला की शेजारच्या घरात कळतं. पाऊस ओसरला, भात कापला, मळणी झाली, की जमिनीत ओल आहे तोवर घाईघाईनं मसूर पेरायचा. कुणी हरभरा, कुणी वाटाणा, कडेनं मोहरीचे तास. या पिकाला पाणी द्यावं लागत नाही. खालची ओल आणि वरचं दव, एवढ्यावर ते येतं. मसुराच्या मुळांवर बारीक गाठी असतात. त्यांतले जिवाणू हवेतला नत्र जमिनीत बांधतात, म्हणजे भातानं जे ओढून घेतलं त्यातलं काही मसूर परत देतो. काढणीला पहाटे, दव असताना जावं लागतं. ऊन चढलं की वाळक्या शेंगा हात लावताच फुटतात आणि दाणे मातीत सांडतात. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, मला अंधारात उठवून नेलं होतं. थंडीनं बोटं आखडलेली, लुगड्याचा ओचा ओला, आणि त्या माझ्यापुढं दोन सऱ्या गेलेल्या.

शेतात भातामागून मसूर यायचा, तसाच तो ताटातही भातासोबत यायचा. हे कुणी आहारशास्त्र शिकून ठरवलेलं नव्हतं, पण त्याचं शास्त्र फार पक्कं आहे. तांदळाच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी पडतं, ते मसुरात भरपूर आहे. मसुरात मिथिओनिन कमी पडतं, ते तांदळात आहे. शंभर ग्रॅम पॉलिशच्या तांदळात ७८ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं, प्रथिनं आठच्या आत आणि चोथा तीनच्याही आत. तेवढ्याच अख्ख्या मसुरात प्रथिनं २२ ग्रॅमच्या पुढं आणि चोथा १५ च्या पुढं. दोन्ही एका घासात गेले की भाताची साखर रक्तात एकदम उसळत नाही. आत्याबाईंची मसुराची आमटी घट्ट असे. अख्खा मसूर, भाजलेला कांदा आणि सुकं खोबरं, कांदा-लसणाचं तिखट, शेवटी दोन आमसुलं. भाताच्या ढिगावर ओतली तर ती खाली पळत नसे, वर बसून राहत असे.

मग बिघडलं काय? एकच गोष्ट नाही, सगळंच थोडं थोडं सरकलं.

पहिलं, तांदूळ बदलला. उखळात कांडलेल्या तांदळावर कोंड्याचा तांबूस पापुद्रा राहायचा. गावोगाव हलर आले, मग मोठ्या राईस मिल आल्या, आणि तांदूळ जितका पांढरा तितका चांगला असा समज झाला. त्या पापुद्र्यात काय जातं हे जगाला कळलं ते जावा बेटावर. डच डॉक्टर ख्रिस्तियान आइकमन यांनी १८९० च्या दशकात पाहिलं की पॉलिशचा तांदूळ खाणाऱ्या कोंबड्या पांगळ्या होतात आणि कोंडा दिला की पुन्हा चालू लागतात. पुढं त्यातूनच ब-१ जीवनसत्त्वाचा शोध लागला आणि १९२९ साली त्यांना नोबेल मिळालं. उकड्या तांदळात यातलं बरंच वाचतं, कारण भात तुसासकट उकडताना कोंड्यातली जीवनसत्त्वं दाण्याच्या आत शिरतात. आमच्या खानापूरकडं, गोव्याच्या वाऱ्याला असलेल्या घरांत उकड्याची पेज अजून होते. शहरात मात्र मुलं तोंड वाकडं करतात.

दुसरं, तांदूळ स्वस्त झाला. कर्नाटकात २०१३ साली अन्नभाग्य योजना आली, आधी एक रुपया किलो, नंतर फुकट. या योजनेला नावं ठेवणाऱ्यांशी मी भांडते. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात चूल पेटेल की नाही ही धास्ती तिनं कितीतरी घरांतून घालवली, आणि ती धास्ती मी माहेरच्या गल्लीत पाहिलेली आहे. पण घरात तांदूळ फुकट आणि डाळ महाग म्हटल्यावर ताटात काय वाढणार आणि काय पातळ होणार हे उघड आहे. आमटी पातळ झाली. चार माणसांच्या मसुरात सहा माणसं जेवायला लागली आणि उरलेली जागा भातानं भरली.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं, हातापायांचं काम गेलं. रोप लावणी, भांगलण, कापणी, डोक्यावरून भारे वाहणं, घरी येऊन जात्यावर दळणं. स्नायू कामाला लागले की ते रक्तातलं ग्लुकोज स्वतःहून आत ओढतात, त्यासाठी इन्सुलिनची फारशी वाटही पाहत नाहीत. आत्याबाई तरुणपणी परातभर भात खायच्या असं त्या सांगतात आणि ते खरं आहे. त्या भाताला जायला जागा होती. आता त्या टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसतात, मी दिवसभर टेबलाशी बसते, आणि ताट मात्र दोघींचंही जुन्याच मापाचं राहिलं होतं.

यात आपल्या शरीराची ठेवणही भर घालते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी वर्षानुवर्षं काम करून दाखवून दिलं की भारतीय माणूस बाहेरून बारीक दिसला तरी आत चरबी जास्त आणि स्नायू कमी असतो, आणि ही ठेवण जन्मलेल्या बाळातच दिसते. कमी वजनाच्या, काटकुळ्या दिसणाऱ्या बाळातसुद्धा. म्हणून आमच्याकडं अंगानं सडपातळ असलेल्या माणसाला शुगर निघाली की घरचे चकित होतात. चकित व्हायचं काही कारण नसतं. ग्लुकोज साठवणारे स्नायूच कमी असले की थोडा जास्तीचा भातही अंगावर येतो.

देशभराचे आकडे आता समोर आहेत. आयसीएमआर-इंडियाब या पाहणीनं २०२३ साली सांगितलं की भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. त्याच पाहणीतला आहाराचा भाग २०२५ मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये छापून आला. अठरा हजारांहून जास्त प्रौढांचा आहार तपासला, तर आपण ६२ टक्के उष्मांक कर्बोदकांतून घेतो, आणि त्यातली बरीचशी पांढरा तांदूळ, गव्हाचं पीठ आणि साखर यांतून येतात असं निघालं. प्रथिनं जेमतेम १२ टक्के. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत धान्यांतून ४५ टक्क्यांपेक्षा जास्त उष्मांक नकोत असं म्हटलं आहे. पहिला आकडा सगळ्या कर्बोदकांचा आणि दुसरा फक्त धान्यांचा, तरी कुठल्या दिशेनं जायचं ते कळतं. पण पाहा, ४५ टक्के म्हणजे शून्य नव्हे. ताटाचा जवळजवळ निम्मा भार अजूनही धान्यानंच उचलायचा आहे.

या पाहणीतली आणखी एक गोष्ट मी आमच्या भिशीच्या बायकांना पुन्हा पुन्हा सांगते, कारण ती ऐकायला कुणालाच आवडत नाही. नुसता पांढऱ्या तांदळाऐवजी गव्हाचा किंवा भरडधान्याचा आटा खाल्ला आणि एकूण कर्बोदकं तेवढीच ठेवली, तर मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसला नाही. धोका कमी दिसला तो कर्बोदकांतला थोडा वाटा काढून तिथं डाळी-कडधान्यांची किंवा दूध-दह्याची प्रथिनं आणल्यावर. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं तेव्हापासून आमच्या बाजारात ज्वारीचे पोहे, नाचण्याची बिस्किटं, राळ्याच्या शेवया यांची रेलचेल झाली. भाकरी कितीही खाल्ली तरी चालते, असं लोक खात्रीनं सांगतात. चालत नाही. मोठ्या भाकरीला साठेक ग्रॅम पीठ लागतं, त्यात ४० ग्रॅम कर्बोदकं येतात. अशा दोन भाकऱ्या आणि ताटभर भात यांत फार फरक उरत नाही.

तरीही भाकरी मला प्रिय आहे, आणि तिचे गुण खरे आहेत. शंभर ग्रॅम ज्वारीत दहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आणि तेवढाच चोथा, म्हणजे पांढऱ्या तांदळाच्या तिप्पट. नाचण्यात त्याहून थोडा जास्त चोथा, शिवाय ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम, म्हणजे तेवढ्याच दुधाच्या तिप्पट. भाकरी चावावी लागते, त्यामुळं जेवण सावकाश होतं. आणि ती करायला अंग लागतं. रायबागच्या नणंदेला भाकरी करताना पाहावं. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नसतं, त्यामुळं पीठ आपोआप धरून राहत नाही. ती परातीत पिठाचं आळं करून त्यात कढत पाणी ओतते. त्या उष्णतेनं पिठातला स्टार्च फुगून चिकट होतो आणि तोच पिठाला बांधतो. मग तळहाताच्या टाचेनं रगडत राहायचं, पीठ मऊ होऊन परातीपासून सुटेपर्यंत. दळून फार दिवस झालेल्या पिठाची विरी गेलेली असते, ते कितीही मळलं तरी काठाला चिरा पडतात. थापताना भाकरी स्वतःभोवती फिरत मोठी होते, तव्यावर पडली की वरून पाण्याचा हात, उलटवली की आरावर टेकवायची, आणि पोपडा टम्म सुटतो. नणंदेच्या घरी आजही एका माणसाला दीड भाकरीच्या वर वाढत नाहीत, पण वाटीभर मटकी मात्र पाहुण्यालाही आग्रहानं देतात. तिथं मला उमगलं की मुद्दा भात की भाकरी हा नव्हताच.

आत्याबाईंना शुगर निघाली तेव्हा एका दवाखान्यातून आम्हाला छापील डाएट शीट मिळालं. ओट्स, ब्राउन ब्रेड, ब्रोकोली, ऑलिव्ह ऑइल. भातापुढं फुली. वडगावच्या सत्तरीतल्या बाईला ब्रोकोली म्हणजे काय हे दाखवायलाही आमच्या भाजीवाल्याकडं ती नव्हती. आत्याबाई काही बोलल्या नाहीत. आठवडाभर त्यांनी मुकाट्यानं दुधात ओट्स खाल्ले. मग एक दिवस ताटासमोर बसून म्हणाल्या, "भात न्हाई तर जेवायचं काय गे? भाजीनं कुठं पोट भरतंय?" त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, नुसतं कोडं पडलं होतं. माणसाला त्याच्या जन्माचं अन्न अचानक शत्रू म्हणून दाखवलं की तो जेवणावरच रुसतो, आणि म्हातारपणी जेवण तुटलं की उरलेले स्नायूही झडायला लागतात. मग साखर आवरणं आणखी अवघड होतं.

यातला धोका नुसत्या रुसव्यापुरता राहत नाही. आमच्या गल्लीतल्या एका अण्णांनी व्हिडिओ पाहून भात, भाकरी, चपाती सगळं एका दिवसात बंद केलं. काकडी आणि मोड आलेले मूग खायचे. शुगरची गोळी मात्र सकाळ-संध्याकाळ चालूच, कारण गोळी चुकवायची नाही हे त्यांनी नीट लक्षात ठेवलेलं. एका पहाटे त्यांच्या सुनेनं आमचं दार वाजवलं. अण्णा घामानं निथळत होते, हात थरथरत होते, आणि बोलणं अडखळत होतं. सुनेला वाटलं हार्ट अटॅक. घरातल्या मशीनवर बोट टोचलं तर शुगर पन्नासच्याही खाली. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासली, तेव्हा कुठं ते ओळखीचं बोलले. स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यानं किंवा इन्सुलिन टोचणाऱ्यानं धान्य एकदम सोडलं की हे होतं. औषधाचं माप आणि ताटाचं माप एकत्रच बदलावं लागतं, आणि ते डॉक्टरांना विचारूनच. हे सांगायला त्या व्हिडिओत अर्धं मिनिटही नव्हतं.

आणि निरोगी माणसानं तरी कर्बोदकं का तोडावीत? अमेरिकेतल्या पंधरा हजारांवर लोकांचा कित्येक वर्षं माग ठेवून २०१८ साली एक अभ्यास 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ'मध्ये आला. कर्बोदकं फार जास्त घेणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण वाढलेलं दिसलं, आणि फार कमी घेणाऱ्यांतही. सगळ्यात कमी धोका निम्म्याच्या थोडं वर, ५० ते ५५ टक्क्यांच्या आसपास होता. कर्बोदकं काढून त्या जागी मांस-चरबी भरणाऱ्यांचं वाईट झालं, डाळी-दाणे-भाज्या भरणाऱ्यांचं बरं. आमच्या आजींनी हा अभ्यास वाचला असता तर यात नवीन काय, असंच विचारलं असतं.

आत्याबाईंचा भात आम्ही पुन्हा सुरू केला. एक वाटी, सपाट भरलेली. वाटीचं माप त्यांनीच निवडलं, देवघरातल्या जुन्या पितळी वाटीचं. मसूर मात्र दुप्पट आणि घट्ट. "पाणी ओतू नको, सांगून ठेवते," हे वाक्य त्यांनी मला नव्यानं ऐकवायला सुरुवात केली आणि मला फार बरं वाटलं. पहिल्यांदा कोशिंबीर आणि भाजी खायची, मग आमटी, भात शेवटी. भाजी-प्रथिनं आधी आणि पिठूळ पदार्थ नंतर खाल्ले तर जेवणानंतरची साखर कमी चढते, हे प्रयोगांतून दिसलेलं आहे. जेवण झालं की माडीवर न जाता गल्लीच्या टोकाच्या मारुतीपर्यंत चालून यायचं. कधी रात्रीचा भात फ्रिजमध्ये ठेवून सकाळी फोडणीला टाकतो. गार झालेल्या भातातला थोडा स्टार्च असा घट्ट बसतो की तो चोथ्यासारखा वागतो. फायदा थोडाच आहे, पण चव उत्तम. चहातली साखर त्यांनी सोडली, गूळ मात्र सोडवेना. गूळ आमच्या ऊसपट्ट्याचं भूषण आहे, मलाही आवडतो, पण त्यातही बहुतांश साखरच असते आणि रक्ताला ती साखरच लागते. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेल्या साखरेला एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांची मर्यादा घालते, पाच टक्के झाले तर अधिक चांगलं म्हणते. पाच टक्के म्हणजे दिवसाला साधारण सहा चमचे. आमच्याकडच्या गोड चहाच्या तीन कपांत ते संपतात, कुंदा तर दूरच.

रताळ्यांविषयी एक राहिलं. बेळगावची रताळी नवरात्रात आणि महाशिवरात्रीला ट्रक भरभरून परराज्यांत जातात, आणि इथं उपवासाला आपण खातो साबुदाणा, जो जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे, प्रथिनं एक टक्काही नाहीत. रताळ्यात चोथा आहे, पोटॅशियम आहे, नारिंगी गराच्या जातींत अ जीवनसत्त्वाची बीजं आहेत. फक्त ते उकडून खावं. निखाऱ्यावर सावकाश भाजलं की त्यातला स्टार्च फुटून माल्टोज ही साखर होते, म्हणूनच भाजलेलं रताळं इतकं गोड लागतं आणि साखर भराभर चढवतं. शेतात भाजलेलं रताळं वर्षातून एकदा खावं, मन भरून खावं. रोजच्यासाठी उकडलेलं, वर दाण्याचं कूट, सोबत ताक.

शिवार मात्र आकसत चाललं आहे. त्याच पट्ट्यातून हलगा-मच्छे बायपास काढला, कडेनं प्लॉट पडले, आणि नाल्याचं पाणी दरवर्षी भातात घुसतं. ज्यांची जमीन उरली आहे त्यांतले काही भात काढून पुढं काहीच पेरत नाहीत, मजूर मिळत नाहीत म्हणतात. पहाटेच्या दवात मसूर उपटायला कोण येणार? दुकानात मसूर मिळतो, त्यातला पुष्कळसा कॅनडा-ऑस्ट्रेलियातून आलेला. पोषण त्यातही आहे, आणि मी तो आनंदानं घेते. पण गावच्या मसुराचा दाणा बारीक असतो, शिजला तरी अंगानं उभा राहतो, आणि तो पेरणाऱ्याला भाताइतका नाही तरी बऱ्यापैकी दर मिळावा, रेशनवर तांदळाच्या जोडीला तो मिळावा, असं मी गावच्या बैठकीत बोलते. पुढंही बोलत राहणार.

अण्णांच्या त्या पहाटेनंतर मी दवाखान्यातल्या शीटसारखंच एक पान हातानं लिहून काढलं, आमच्या डॉक्टरांना दाखवून दुरुस्त करून घेतलं आणि अण्णांच्या सुनेला दिलं. सकाळी मुगाचं धिरडं किंवा भाज्या घातलेले पोहे आणि ताक. दुपारी एक वाटी भात, दोन वाट्या मसूर, एक वाटी भाजी, कच्चं काहीतरी. रात्री एक भाकरी, पालेभाजी, हुलग्याचं कळण. मध्ये भूक लागली तर मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा उकडलेल्या रताळ्याचे दोन तुकडे. गोळी कधी, जेवण कधी, चालणं कधी, हे शेजारच्या रकान्यात. पान गल्लीत फिरलं. समोरच्या अक्कांनी ते मागून नेलं, त्यांच्या माहेरी गोकाककडं आईला शुगर आहे म्हणून. दोन दिवसांनी त्यांनी ते कन्नडमध्ये उतरवलेलं मला दाखवायला आणलं. मला लिपी जेमतेम वाचता येते, तर त्यांनी बोट ठेवून वाचून दाखवलं. भाताच्या जागी जोळद रोट्टी, म्हणजे ज्वारीची भाकरी, घातली होती, मसुराच्या जागी मडकी, म्हणजे आपली मटकी, हुलग्याचं कळण तसंच, आणि मेथीच्या पानांची एक ओळ त्यांनी स्वतःची वाढवली होती. वाट्यांचं माप मात्र बदललं नव्हतं.